ताशी एक बेकरेल

एका केळ्यात साधारण १५ बेकरेल किरणोत्सर्ग असतो. केळ्यातल्या पोटॅशियमचा अगदी छोटा हिस्सा निसर्गतःच किरणोत्सारी असतो, आणि बेकरेल म्हणजे सेकंदाला एक अणू फुटणं. त्यानं कुणाला काही होत नाही. डझनभर केळी घरात आणली म्हणून कुणी घर सोडून पळत नाही.

११ मार्च २०११ च्या संध्याकाळी टोक्योमधल्या काही तंत्रज्ञांनी संगणकाला एक आकडा दिला. फुकुशिमा दाइइची अणुवीजकेंद्रातून दर तासाला एक बेकरेल किरणोत्सर्ग बाहेर पडतोय असं धरून चाल, आणि तो वाऱ्याबरोबर कुठे जाईल ते सांग. एक बेकरेल. केळ्याच्या पंधराव्या हिश्शाएवढा. त्या वेळी केंद्राची वीज गेलेली होती, अणुभट्ट्या थंड ठेवणारे पंप बंद पडले होते आणि पहिल्या भट्टीतलं इंधन वितळण्याच्या वाटेवर होतं.

संगणकानं सांगितलेलं काम केलं. दर तासाला एक नकाशा काढला. पुढचे दिवसच्या दिवस काढत राहिला. ते नकाशे ज्यांच्या गावांचे होते त्यांनी मात्र ते कित्येक आठवड्यांनी पाहिले.

या सॉफ्टवेअरचं नाव स्पीडी. नावाच्या इंग्रजी आद्याक्षरांचा अर्थ साधारण असा, की पर्यावरणातल्या आणीबाणीत किरणोत्सर्गाच्या मात्रेचा अंदाज देणारी यंत्रणा. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. अणुशास्त्राशी माझा संबंध बारावीच्या फिजिक्सपुरता. पण मी ज्या सेवेवर काम करतो ती माणसांना अंदाज सांगते. तुमचं पार्सल किती वाजता येईल, एवढाच. त्यातही रोज कुठला ना कुठला इनपुट गायब असतो, आणि तेव्हा स्क्रीनवर काय दाखवायचं यावर आमच्या मीटिंगा होतात. म्हणून स्पीडीबद्दल पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी त्या एक बेकरेलपाशी अडकलो. हा आकडा आला कुठून? तो मूर्खपणा होता की शहाणपण? आणि एवढं करून नकाशे कुणाच्या ड्रॉवरमध्ये पडले?

धुराचं गणित

थंडीच्या दिवसांत पहाटे गावावरून जाताना तुम्ही पाहिलं असेल, की चुलींचा धूर वर न चढता गावाच्या डोक्यावर चादरीसारखा पसरून राहतो. दुपारी कडक उन्हात तोच धूर गरगरत वर जातो आणि विरतो. धूर तोच, चूल तीच. फरक हवेचा.

अणुअपघातानंतर मात्रा मोजण्याचं सगळं गणित इथून सुरू होतं. १९५६ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात, ओनील गावाजवळच्या सपाट गवताळ माळावर शास्त्रज्ञांनी सत्तरएक वेळा सल्फर डायऑक्साइड वायू सोडला. प्रत्येक वेळी दहा मिनिटं. वाऱ्याच्या दिशेनं ५० मीटरपासून ८०० मीटरपर्यंत अर्धवर्तुळाकार रांगांत नमुने घेणारी उपकरणं लावलेली. काही प्रयोग दिवसा, काही रात्री. या प्रयोगांचं नाव प्रेअरी ग्रास. १९६१ मध्ये फ्रँक पास्क्विल या ब्रिटिश हवामानशास्त्रज्ञानं हवेच्या स्वभावाचे ए ते एफ असे सहा वर्ग मांडले. ए म्हणजे उन्हानं ढवळून निघालेली हवा, एफ म्हणजे निरभ्र रात्रीची निवांत हवा. ऊन किती, ढग किती, वारा किती एवढं पाहिलं की वर्ग ठरतो आणि वर्गावरून धूर किती रुंद, किती उंच पसरेल याचा अंदाज येतो. आज साध्या कॅल्क्युलेटरवरही हे करता येतं.

पुढची पायरी मात्रेची. किरणोत्सारी ढग माणसाला तीन वाटांनी गाठतो. एक, ढग डोक्यावरून जाताना त्यातून येणारे किरण. दोन, श्वासातून आत जाणारे कण. तीन, जमिनीवर, छपरावर, गवतावर बसलेले कण. यातलं आयोडीन-१३१ थायरॉइड ग्रंथीत साठतं, आणि लहान मुलांना त्याचा धोका सगळ्यांत जास्त. त्याचं अर्धआयुष्य आठ दिवसांचं. सीझियम-१३७ चं तीस वर्षांचं. ढग जात असताना पाऊस किंवा बर्फ पडला तर हवेतलं सगळं धुऊन खाली येतं, आणि एरवी पुढे निघून गेलं असतं ते एका खोऱ्यात कायमचं बसतं.

या गणितातली एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल. बाकी सगळं तसंच राहिलं तर बाहेर पडणारा किरणोत्सर्ग दुप्पट झाला की मात्राही दुप्पट होते. म्हणजे एक बेकरेल धरून नकाशा काढला आणि नंतर खरा आकडा कळला, तर गुणाकार करायचा. नकाशाचा आकार वारा ठरवतो. आकडा तेवढा भट्टी ठरवते.

दूध आणि १२००

सॉफ्टवेअर नव्हतं तेव्हा हे कसं चालायचं? ऑक्टोबर १९५७ मध्ये इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावर विंडस्केल इथे अणुभट्टीला आग लागली. आयोडीन-१३१ आसपासच्या कुरणांवर बसलं. गाईंनी गवत खाल्लं, आयोडीन दुधात आलं. लिटरमागे किती आयोडीन चालेल याची ठरलेली मर्यादाच तेव्हा नव्हती. शास्त्रज्ञांनी लहान मुलाच्या थायरॉइडचा आकार, तो रोज पितो ते दूध असं सगळं कागदावर मांडून एक-दोन दिवसांत मर्यादा ठरवली, लिटरला ०.१ मायक्रोक्युरी. सुमारे ५०० चौरस किलोमीटरमधलं दूध कित्येक दिवस ओतून दिलं गेलं. घाईत केलेलं गणित होतं, पण ते थेट शेतकऱ्याच्या किटलीपर्यंत पोचलं.

दुसरी गोष्ट २८ मार्च १९७९ ला अमेरिकेत पेनसिल्व्हेनियामध्ये सुरू झाली. थ्री माइल आयलंड केंद्रातल्या एका भट्टीचा गाभा अर्धवट वितळला. दोन दिवसांनी, शुक्रवारी सकाळी, नियामक आयोगाच्या कार्यालयात कुणीतरी हिशेब मांडला होता, की वायूच्या टाक्या भरून वाहू लागल्या तर जमिनीवर तासाला १२०० मिलिरेम मात्रा मिळेल. हा आकडा समोर असतानाच फोन आला, की केंद्रावर १२०० मोजलं गेलंय. हिशेब आणि मोजमाप तंतोतंत जुळलं! आयोगाच्या अधिकाऱ्यांनी राज्याला लोक हलवण्याचा सल्ला दिला.

पण मोजलेले १२०० जमिनीवरचे नव्हतेच. हेलिकॉप्टर धुराड्याच्या थेट वर उडत होतं, तिथलं ते माप होतं. जमिनीवर गावात मात्रा त्यापेक्षा खूपच कमी होती. दोन आकडे योगायोगानं सारखे निघाले. हा घोटाळा लक्षात येईपर्यंत सायरन वाजले होते. दुपारी गव्हर्नरनी पाच मैलांच्या आतल्या गरोदर बायकांना आणि शाळेत न जाणाऱ्या मुलांना निघून जायला सांगितलं. प्रत्यक्षात सुमारे १,४०,००० माणसं घरं सोडून गेली.

तेव्हा कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत ढगाचा मार्ग संगणकावर काढणारी एक यंत्रणा तयार होत होती. या अपघातात ती वापरली गेली आणि मग तिला बळ मिळालं. जपाननं हाच धडा घेतला. अपघाताच्या दिवशी कागदावर हिशेब मांडत बसायची वेळ यायला नको, यंत्रणा आधीच तयार हवी. जपानच्या अणुऊर्जा संशोधन संस्थेनं स्पीडी बांधायला घेतलं आणि १९८६ पासून ते कामाला लागलं. त्याच वर्षी चेर्नोबिल झालं. मग युरोपनंही अशीच सामायिक यंत्रणा बांधायला घेतली. तिचं नाव रोडोस.

तार तुटली

स्पीडीवर जपाननं पुढच्या पंचवीस वर्षांत १० अब्ज येनहून जास्त खर्च केला. डोंगरदऱ्यांचा नकाशा त्यात होता, हवामान खात्याची माहिती थेट येत होती. हजारो काल्पनिक कण हवेत सोडून प्रत्येकाचा प्रवास ते मोजायचं. एकच गोष्ट त्याला बाहेरून हवी होती, भट्टीतून काय आणि किती बाहेर पडतंय. त्यासाठी दुसरी वेगळी यंत्रणा होती. ती अणुवीजकेंद्रातल्या उपकरणांचे आकडे वाचून स्पीडीला देणार होती. कवायती व्हायच्या तेव्हा आकडे वेळेवर यायचे, नकाशा निघायचा, नकाशा बघून कुणाला हलवायचं ते ठरायचं.

११ मार्चला दुपारी २ वाजून ४६ मिनिटांनी भूकंप झाला. मग त्सुनामी. केंद्राची वीज गेली, उपकरणं आंधळी झाली, आकडे वाहून नेणारी जोडणीही गेली. दोन यंत्रणांमधला धागा नेमका त्या दिवशी तुटला ज्या दिवसासाठी तो विणला होता.

आता तो एक बेकरेल. ही कुणाची ऐनवेळची शक्कल नव्हती. खरा आकडा नसेल तेव्हा ताशी एक बेकरेल धरून गणित करा, असं आधीच ठरलेलं होतं. धुराच्या गणितानुसार यात अर्थही होता. आकार आत्ता घ्या, गुणाकार नंतर करा. नकाशे ताशी निघत होते. मंत्रालयानं आणि नियामक संस्थेनं आपापली गृहीतकं घालूनही डझनावारी नकाशे काढून घेतले. ते इकडून तिकडे जातही होते. फुकुशिमा प्रांताच्या प्रशासनाला १२ ते २३ मार्चच्या दरम्यान असे ८६ ईमेल आले. त्यातले ६५ डिलीट झाले, हे प्रशासनानं वर्षभरानंतर मान्य केलं. १४ मार्चला अमेरिकन लष्कराला नकाशे देण्यात आले. पंतप्रधानांपर्यंत सुरुवातीचे नकाशे पोचले नाहीत. लोकांना पहिला नकाशा २३ मार्चला दाखवला गेला, आणि ताशी एक बेकरेलवाले नकाशे एप्रिल संपत आल्यावर बाहेर यायला लागले.

मधल्या काळात सरकार वर्तुळं काढत होतं. ११ तारखेच्या रात्री ३ किलोमीटरचं. १२ च्या पहाटे १० किलोमीटरचं. त्याच दुपारी पहिल्या भट्टीच्या इमारतीत हायड्रोजनचा स्फोट झाला आणि संध्याकाळी २० किलोमीटरचं. १५ तारखेला २० ते ३० किलोमीटरमधल्या लोकांना घरातच थांबायला सांगितलं. कंपास टेकवून काढलेली वर्तुळं. वारा कधीच वर्तुळात वाहत नाही.

त्सुशिमातले चार दिवस

नामिए हे केंद्राच्या उत्तरेला समुद्राकाठचं गाव. हलायचा आदेश टीव्हीवरून कळला, असं तिथल्या नगराध्यक्षांनी पुढे सांगितलं. १२ मार्चला गावकरी आपल्याच हद्दीतल्या डोंगराकडच्या त्सुशिमा भागात गेले. केंद्रापासून सुमारे ३० किलोमीटर, वायव्येला. तर्क अगदी साधा होता, जेवढं लांब तेवढं बरं. आठ हजारांवर माणसं तिथल्या शाळांत, सभागृहांत, ओळखीच्यांच्या घरांत राहिली. मुलं बाहेर खेळली, मोठ्यांनी उघड्यावर भात शिजवला.

१५ मार्चला सकाळपासून केंद्रातून मोठ्या प्रमाणावर किरणोत्सर्ग बाहेर पडू लागला. वारा आधी दक्षिणेकडे नेत होता. दिवसभरात तो फिरत फिरत वायव्येकडे वळला. संध्याकाळी त्या डोंगरांवर पाऊस आणि बर्फ पडला. हवेतलं सीझियम आणि आयोडीन त्सुशिमावर, शेजारच्या इइताते गावावर उतरलं. इइताते २० किलोमीटरच्या वर्तुळाबाहेर होतं, बराचसा भाग तर तीसच्याही बाहेर. तिथले लोक समुद्राकडून आलेल्यांना आसरा देत होते. इइताते रिकामं करायचा अधिकृत आदेश निघाला २२ एप्रिलला.

त्या दिवसाचे स्पीडीचे नकाशे नंतर प्रसिद्ध झाले. त्यांत पट्टा दक्षिणेकडून फिरत वायव्येकडे गेलेला दिसतो. नामिएचे नगराध्यक्ष तामोत्सु बाबा (बाबा हे त्यांचं आडनाव) यांनी हे नकाशे दडवणं खुनासारखं आहे, अशा अर्थाचं पत्रकारांना सांगितलं. नामिएचे लोक १५ तारखेला त्सुशिमाहून आणखी आत, निहोनमात्सु शहराकडे निघाले होते. पण तेही कुणी नकाशा दाखवला म्हणून नाही.

दुसरी बाजू

इथपर्यंत वाचून राग येतो. मलाही आला. पण ज्यांनी नकाशे बाहेर दिले नाहीत त्यांची बाजू पोकळ नव्हती.

पहिली गोष्ट, नकाशा ताशी बदलत होता. स्फोट कधी होईल, वाफ कधी सोडली जाईल हे कुणालाच ठाऊक नव्हतं. दुपारी दोनचा नकाशा दक्षिण दाखवतो आणि सहाचा वायव्य. कुठला धरून आठ हजार माणसं हलवायची? आणि चुकीच्या वेळी हलवलं तर लोक बसमध्ये बसून थेट ढगात जाणार.

दुसरी, अंदाज जास्त निघाला तर काय होतं तेही तेव्हाच दिसलं. अमेरिकेच्या नियामक आयोगाकडे रास्कल नावाचं सॉफ्टवेअर होतं. भट्टीतून काय बाहेर पडतंय हे त्यांनाही माहीत नव्हतं. त्यांनी वाईटात वाईट धरलं. चौथ्या भट्टीजवळच्या तळ्यातलं पाणी आटून वापरलेलं इंधन उघडं पडलं असावं, ही भीती त्यात होती. १६ मार्चला आपल्या नागरिकांना ८० किलोमीटरच्या बाहेर जायचा सल्ला अमेरिकेनं दिला. पुढे कळलं, की तळ्यात पाणी होतं.

तिसरी गोष्ट सगळ्यांत जड आहे. हलवण्यानंही माणसं मरतात. केंद्रापासून पाचएक किलोमीटरवरच्या फुताबा रुग्णालयातले आणि त्याच्याशी जोडलेल्या वृद्धाश्रमातले अंथरुणाला खिळलेले रुग्ण तासन्तास बसमध्ये बसवून नेले गेले. औषधं नाहीत, सोबत डॉक्टर नाहीत. मार्चअखेर त्यातले चाळीसहून अधिक दगावले. फुकुशिमा प्रांतात स्थलांतराच्या हालअपेष्टांशी जोडलेले मृत्यू २,३०० च्या वर गेले. किरणोत्सर्गामुळे तिथल्या रहिवाशांच्या आरोग्यावर थेट परिणाम झाल्याचं मात्र संयुक्त राष्ट्रांच्या वैज्ञानिक समितीला तिच्या नंतरच्या अहवालातही आढळलं नाही. तेव्हा 'शंका आली की सगळ्यांना हलवा' हे उत्तर होऊ शकत नाही.

२०१२ मध्ये दोन मोठे चौकशी अहवाल आले आणि या प्रश्नावर त्यांचं एकमत झालं नाही. जपानच्या संसदेनं नेमलेल्या आयोगाचं म्हणणं होतं, की भट्टीचे आकडे नसताना स्पीडीच्या आधारे सुरुवातीचं स्थलांतर ठरवणं शक्यच नव्हतं. त्या यंत्रणेकडून आधीपासूनच भलत्या अपेक्षा ठेवल्या गेल्या. सरकारनं नेमलेल्या समितीचं म्हणणं वेगळं. आकडे नव्हते, पण दिशा होती. कुठल्या वेळी निघावं आणि कुठल्या रस्त्यानं जाऊ नये एवढं ठरवायला ती पुरली असती.

अनेकदा विचार करूनही माझं मत दुसऱ्या बाजूला झुकतं. त्सुशिमातल्या लोकांना मिलिसीव्हर्टचा आकडा नको होता. त्यांना दोनच गोष्टी ठरवायच्या होत्या. इथे थांबायचं की पुढे जायचं, आणि मुलांना आज बाहेर सोडायचं की नाही. पहिल्या प्रश्नात धोका आहे, मान्य. दुसऱ्याचं काय? मुलांना एक संध्याकाळ घरात ठेवण्यानं कुणी मरत नाही. बर्फ पडत असताना भात आत शिजवायला सांगणं यासाठी अचूक आकडा लागत नाही.

आमच्या कामात आम्ही एक गोष्ट आधी ठरवतो, अगदी पार्सलच्या बाबतीतही. इनपुट आला नाही तर स्क्रीनवर काय दिसेल, आणि त्यावर माणसानं काय करणं अपेक्षित आहे. पहिली अर्धी गोष्ट जपाननं ठरवली होती, ताशी एक बेकरेल. दुसरी अर्धी कुणी लिहूनच ठेवली नव्हती. असा नकाशा हातात आला की तो नामिएच्या नगराध्यक्षाला द्यायचा का, देताना काय सांगायचं, त्यानं त्यावरून काय करायचं आणि काय करायचं नाही. हे लिहिलेलं नसलं की प्रत्येक अधिकारी तोच विचार करतो, की हे आकडे खरे नाहीत, लोक घाबरतील, वरून सांगतील तेव्हा बघू. त्यात कुणी खलनायक असावा लागत नाही.

मोजणं आणि सांगणं

यानंतर जपाननं काय केलं? २०१४ मध्ये नव्या अणु नियमन प्राधिकरणानं जाहीर केलं, की स्थलांतर ठरवायला स्पीडी वापरणार नाही. पाच किलोमीटरच्या आतले लोक भट्टीची स्थिती बिघडताच हलवायचे. तीस किलोमीटरपर्यंतच्यांनी आधी घरात थांबायचं. मग प्रत्यक्ष मोजमाप तासाला ५०० मायक्रोसीव्हर्टच्या वर गेलं की हलायचं. अंदाज नको, मोजमाप हवं.

ऐकायला हे ठाम वाटतं. पण मोजमाप येण्यासाठी ढग आधी तुमच्यापर्यंत यावा लागतो. शिवाय मोजणारं यंत्र चालू हवं. मार्च २०११ मध्ये फुकुशिमा प्रांताच्या २४ मोजणी केंद्रांपैकी २३ भूकंप, त्सुनामी आणि वीज जाण्यामुळे निकामी झाली होती. काही प्रांतांनी नव्या धोरणाला विरोध केला. त्यांचं म्हणणं, अंदाज कच्चा असला तरी आम्हाला हवा.

मोजमापही दडपलं जाऊ शकतं. १७ ते १९ मार्चच्या दरम्यान अमेरिकन विमानांनी फुकुशिमावरून उडून जमिनीवरचा किरणोत्सर्ग मोजला. वायव्येकडचा लांब पट्टा त्यात स्वच्छ दिसत होता. ही माहिती जपान सरकारला लगेच मिळाली, आणि तीही स्थलांतरासाठी वापरली गेली नाही. म्हणजे कच्चा अंदाजही कपाटात, पक्कं मापही कपाटात.

त्याच आठवड्यांत टोक्योमध्ये काही हौशी मंडळींनी सेफकास्ट सुरू केलं. गायगर काउंटरला जीपीएस जोडायचं, गाडीच्या खिडकीला लावायचं, फिरायचं आणि आकडे सगळ्यांसाठी खुले ठेवायचे. आज त्यांच्याकडे जगभरची कोट्यवधी मोजमापं आहेत, आणि कुणीही ती डाउनलोड करू शकतं. पहिल्या चार दिवसांत त्यांचा उपयोग झाला नसता. पण आपल्या अंगणात किती आहे हे विचारायला परवानगी लागत नाही, ही सवय त्यांनी लावली.

हे आपल्यापासून लांब नाही. पालघर जिल्ह्यातल्या तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या १९६९ पासूनच्या, फुकुशिमाच्या पहिल्या भट्टीसारख्याच उकळत्या पाण्याच्या, आणि त्याच जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या. तिथल्या आणीबाणीच्या नियोजनासाठी १६ किलोमीटरचं वर्तुळ धरलेलं आहे. भाभा अणुसंशोधन केंद्र देशभर स्वयंचलित मोजणी केंद्रांचं जाळं चालवतं आणि मात्रेचा अंदाज देणारं सॉफ्टवेअरही त्यांनी बांधलं आहे. तारापूरचा वारा पावसाळ्यात समुद्रावरून बोईसरकडे येतो आणि हिवाळ्याच्या पहाटे जमिनीवरून समुद्राकडे जातो, हे तिथल्या कुठल्याही मच्छीमाराला सॉफ्टवेअरशिवाय ठाऊक आहे. विचारायचा प्रश्न पुढचा आहे. तुटक माहितीवर काढलेला नकाशा तिथल्या सरपंचाच्या फोनवर येईल का, आणि त्याच्यासोबत दोन ओळी मराठीत असतील का?

हिशेब राहिला

स्पीडी बांधणाऱ्या शास्त्रज्ञांनी नंतर गणित उलटं फिरवलं. ठिकठिकाणी हवेत आणि जमिनीवर मोजलेले आकडे घेतले, वाऱ्याचा नकाशा घेतला आणि मागे जात केंद्रातून किती बाहेर पडलं असेल ते काढलं. आयोडीन-१३१ चा त्यांचा सुरुवातीचा अंदाज होता १५ वर सोळा शून्यं एवढे बेकरेल. एक बेकरेलच्या जागी हा आकडा लिहिला गेला तेव्हा एप्रिल उजाडला होता.

मुलांच्या थायरॉइडमध्ये किती गेलं हे मोजायला मात्र वेळ थोडा होता. आठ दिवसांनी अर्धं, सोळा दिवसांनी पाव, दोन महिन्यांनी जवळपास काहीच नाही. मार्चअखेर सरकारनं तीन ठिकाणच्या १,०८० मुलांची तपासणी केली. एप्रिलच्या मध्यात हिरोसाकी विद्यापीठाच्या पथकानं आणखी ६२ जणांना तपासलं. त्यातले फक्त १७ त्सुशिमाचे होते. बासष्टपैकी ४६ जणांच्या थायरॉइडमध्ये आयोडीन सापडलं. मधली मात्रा मुलांमध्ये ४.२ मिलिसीव्हर्ट निघाली, म्हणजे चेर्नोबिलच्या मानानं फारच कमी. ही दिलासा देणारी गोष्ट आहे, आणि ती तशीच सांगायला हवी.

पण त्या चार दिवसांत तिथे असलेली बाकीची हजारो माणसं? त्यांच्या शरीरातलं आयोडीन कुणी मोजायच्या आत संपून गेलं. आज त्यांची मात्रा सांगायची तर एकच मार्ग उरतो. कुठल्या तासाला ते कुठे होते ते आठवून लिहायचं, आणि तो तपशील स्पीडीच्याच जातीच्या सॉफ्टवेअरला द्यायचा. त्या संध्याकाळी अविश्वासार्ह म्हणून बाजूला ठेवलेलं गणित आता त्यांच्यासाठी एकमेव साक्षीदार आहे.

त्सुशिमाच्या एका छोट्या भागात परत राहायची परवानगी ३१ मार्च २०२३ ला मिळाली. बारा वर्षं झाली होती. १२ मार्च २०११ ला तिथल्या शाळेत पोचलेलं सात वर्षांचं मूल तेव्हा एकोणीस वर्षांचं होतं.